हसनाबादच्या वाटेवर

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात हसनाबाद नावाचे गाव आहे. प्रवाशांनी वाट वाकडी करून मुद्दाम पाहावयास जावे अशी त्याची प्रसिद्धी नाही, आणि तशी प्रसिद्धी व्हावी अशी हौस तेथील रहिवाशांस असल्याचेही आमच्या दृष्टीस पडले नाही. छत्रपती संभाजीनगराहून फुलंब्रीवरून राजूरच्या गणपतीस जाणाऱ्या भाविकांस हे गाव वाटेत लागते. मोटारीतील मंडळी काच खाली न करताच पुढे निघून जातात. आम्हीही वीस-बावीस वर्षे दरसाल ह्याच वाटेने जात आलो; परंतु हसनाबाद पाहिले असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस गेल्या पौषातच प्राप्त झाला, आणि तोही आमच्या फटफटीची साखळी सैल झाल्यामुळे!

पौष वद्य चतुर्थीस राजूरास जाऊन यावयाचे, दिवसभर उपोषण करावयाचे आणि चंद्रोदयापूर्वी घरी परतून सर्वांच्या पंगतीस बसावयाचे, असा आमच्या घरचा परिपाठ आहे. घरचा म्हणजे वस्तुतः आमच्या थोरल्या बंधूंचा. त्यांस घरातील लहानथोर सर्व मंडळी अण्णा म्हणत. ते पुढे बसून फटफटी हाकीत, आणि आम्ही मागे बसून नारळ, दूर्वा व वहिनींनी दिलेला खिचडीचा डबा सांभाळीत असू. गतवर्षी चैत्रात अण्णा निवर्तले. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास, आमचे परदेशी. ज्या स्वयंपाकघरात एके काळी चौदा पाने मांडावी लागत, तेथे आता चारच मांडली जातात : वहिनींचे, आमच्या मंडळींचे, आमचे आणि शिक्षणासाठी आमच्यापाशी राहिलेल्या अण्णांच्या नातवाचे. त्या दिवशी नातवाची परीक्षा होती. "बसने जा, भावजी. त्या गाडीचा नाद आता सोडा," असे वहिनींनी एकवार सुचविले, पण आम्ही ऐकले नाही असे पाहून त्यांनी मुकाट्याने डबा आणून दिला. अण्णांची फटफटी वर्षभर पडवीत झाकून ठेवलेली होती. ती घेऊन चतुर्थीस जाण्यात भक्तीचा भाग किती आणि हट्टाचा किती, ह्याचा निवाडा आम्हांस आजही करता येत नाही.

फुलंब्री मागे टाकून आम्ही पूर्वेकडे वळलो आणि थोड्या वेळाने पायाखालून खडखड असा आवाज येऊ लागला. गती कमीजास्त करताच गाडी मागून कोणी ओढल्यासारखी हिसका देई. हसनाबाद दृष्टीच्या टप्प्यात आले तेव्हा आवाज इतका वाढला की, पुढे जाणे शहाणपणाचे वाटेना. रस्त्याच्या कडेस एका कडुनिंबाखाली सपाट व टणक जागा पाहून आम्ही उतरलो. साखळी ओल्या धोतराच्या दोरीप्रमाणे लोंबत होती. अशी साखळी धावत्या गाडीत दात्यांवरून सुटली, तर ती चाकात अडकून चाक जागच्या जागी थांबते, आणि मग स्वाराचे काय होते हे सांगणे नलगे. जवळच्या भिंतीवर एका कारागिराचा दूरध्वनी क्रमांक रंगविलेला होता. त्यास विचारले, तेव्हा गृहस्थ भोकरदनास लग्नास गेलेले असून दिवेलागणीस परततील असे समजले. दिवेलागणीस आम्हांस घराच्या वाटेवर असावयास हवे होते. गावात जाऊन कोणास बोलवावे असे एकदा मनात आले. पण भर दुपारची वेळ, सारी माणसे रानात. आणि खरे सांगावयाचे तर, अण्णांच्या गाडीस परक्याचा हात लागू नये असेही कोठेतरी वाटत होते. हत्यारांची पिशवी अण्णा नेहमी बैठकीखाली ठेवीत. ती तेथेच होती.

धुराड्याची नळी तापलेली असता मागच्या चाकापाशी हात घालणे म्हणजे हात भाजून घेणे होय. म्हणून अर्धा तास थांबणे प्राप्त झाले, आणि त्या अर्ध्या तासात आम्ही प्रथमच हा मुलूख डोळे उघडून पाहिला.

हा प्रदेश गिरिजा नदीच्या खोऱ्यातील. गिरिजा पूर्णेस मिळते आणि पूर्णा गोदावरीस. म्हणजे ह्या काळ्या मातीवर पडलेला पावसाचा थेंब, कोणी वाटेत अडविला नाही तर, बंगालच्या उपसागरास जाऊन पोहोचावयाचा. उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग आहे. तिच्या पलीकडे पडणारे पाणी तापीच्या वाटेने अरबी समुद्रास जाते. गंमत अशी की, पलीकडे तापीस मिळणाऱ्या एका नदीचेही नाव पूर्णाच आहे. नावाने सख्ख्या बहिणी, पण सासरे दोन दिशांस! पौष असल्यामुळे शेते भरलेली होती. शाळूची कणसे दाण्यावर आली होती, तुरीच्या शेंगा वाळू लागल्या होत्या, आणि कपाशीत शेवटच्या वेचणीस वाकलेल्या बायांचे रंगीत पदर दूरवर हलताना दिसत होते. वाऱ्यास कोरड्या पाचोळ्याचा वास होता. एक बैलगाडी गेली. तिच्यामागून सात-आठ फटफट्या गेल्या. एकीवर दुधाच्या बरण्या, दुसरीवर खताची गोणी व गोणीवर मुलगा, तिसरीवर नवरा-बायको आणि मध्ये तान्हे मूल. वाळूज येथे दुचाकींचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. तेव्हापासून ह्या भागात फटफटी ही चैनीची वस्तू न राहता शेतीचे एक अवजारच होऊन बसली आहे.

गावाच्या नावातील दोन्ही शब्द परकी खरे, तरी आबाद म्हणजे नांदते-गाजते हा अर्थ येथील शेतकऱ्यासही कळतो. हसनाबाद आपल्या जागेवरून तसूभर हलले नाही. परंतु त्याचा पत्ता मात्र वारंवार बदलत गेला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९५६ साली हा भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यापासून निघून नव्या जालना जिल्ह्यात दाखल झाला. पुढे त्या औरंगाबादेचेच नाव पालटले. ऐंशी वर्षांच्या एखाद्या म्हाताऱ्याने घराची ओसरी न सोडता इतकी स्थित्यंतरे पाहिली असतील, आणि त्याची विहीर, त्याचा बांध व त्याचा कडुनिंब होते तेथेच राहिले असतील.

तालुक्याचे गाव जे भोकरदन, त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख सापडतो. १९७३ साली तेथे उत्खनन झाले, तेव्हा सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष, मणी, शंखाच्या वस्तू आणि हस्तिदंती कोरीव काम हाती लागले. त्यांतील एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी आहे. पाँपेई नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेव्हा ती मूर्ती त्यापूर्वीच समुद्रापार पोहोचलेली होती. ह्या रानात कोणे एके काळी हस्तिदंत कोरणारे, मणी भोकणारे हात होते, असे मनात आले. अशी कामे करणाऱ्याचा एक हात वस्तू धरतो व दुसरा हत्यार चालवितो. दोन हात पुरत नाहीत तेथे तो पायाच्या अंगठ्यात वस्तू धरतो. हा विचार पुढे आमच्या उपयोगी पडला.

आता साखळीविषयी चार शब्द. आज सायकलीस व फटफटीस जी साखळी असते, तिचा घाट हान्स रेनॉल्ड नावाच्या, इंग्लंडातील मँचेस्टर येथे स्थायिक झालेल्या स्विस गृहस्थाने १८८० साली सिद्ध केला. प्रत्येक कडीत एक खिळी, खिळीभोवती एक नळी व नळीभोवती फिरणारे रूळ, अशी तिची रचना आहे. साखळी 'वाढली', 'ताणली गेली' असे आपण म्हणतो. परंतु तिच्या पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. वाढते ती सांध्यांतील झीज. एका साखळीत शंभर-सव्वाशे सांधे असतात. समजा, एकशे दहा सांध्यांपैकी प्रत्येक सांधा मिलिमीटरचा दहावा भाग झिजला, तर सबंध साखळी अकरा मिलिमीटर लांब होते. एकाही कडीकडे बोट दाखवून हिने साखळी बिघडविली असे म्हणता येत नाही. प्रत्येकीने थोडेथोडे सोडलेले असते.

ही लांबी काढून टाकण्याचा उपाय म्हणजे मागचे चाक किंचित मागे सरकविणे. चाकाचा आस, ज्यास कारागीर एक्सल म्हणतात, मागच्या चिमट्याच्या दोन भुजांतील लांबट खाचांत बसविलेला असतो. त्याचा नट सैल करावयाचा, दोन्ही भुजांच्या टोकांस असलेले ताणाचे स्क्रू फिरवून आस मागे ओढावयाचा, आणि नट पुन्हा आवळावयाचा. वाचावयास हे सोपे आहे. पण नट डाव्या अंगास आणि आसाचे डोके उजव्या अंगास. नट फिरविला की आसही बरोबर फिरतो. म्हणून डाव्या बाजूस एकाने पाना चालवावा आणि उजव्या बाजूस दुसऱ्याने दुसरा पाना लावून डोके धरून ठेवावे, अशी रीत. वीस वर्षे हा दुसरा पाना धरण्याचे काम आमचे होते. रविवारी सकाळी पडवीतून अण्णांची हाक येई, "इकडे ये रे. धर. घट्ट धर." आम्ही हातातले वर्तमानपत्र ठेवून जात असू, आणि मनातून थोडे कुरकुरतही असू.

नळी निवाली. किल्ली काढून खिशात टाकली, गाडी मधल्या घोडीवर चढविली व गिअर मोकळा केला. सुरू असलेल्या यंत्राने साखळी फिरवून पाहण्याचा मोह पुष्कळांस होतो. पण त्या मोहापायी बोटे गमावलेली माणसे आहेत, म्हणून चाक हातानेच फिरवावे. चाक हळूहळू फिरवीत गेलो, तेव्हा साखळी एका ठिकाणी अधिक सैल व एका ठिकाणी कमी सैल लागली. झीज सर्वत्र सारखी नसते. ताण जेथे सर्वांत अधिक, तेथेच माप घ्यावे. अन्यथा सैल जागी नीट ताणलेली साखळी घट्ट जागी आल्यावर तुटावयास येते. ती जागा ओळखण्यास खूण हवी होती. खडू नव्हता, पूजेच्या पिशवीत कुंकू होते. ओल्या बोटाने चाकाच्या रबरावर कुंकवाचा टिळा लावला. अण्णा असते तर पोटभर हसले असते.

दोन चाकांच्या मध्यावर खालची साखळी बोटाने वर-खाली केली असता किती हलते, हे ढिलाईचे माप. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत ते पंचवीस ते तीस मिलिमीटर दिलेले आहे. निरनिराळ्या गाड्यांचे माप निरनिराळे असते, म्हणून वाचकांनी आपल्या गाडीची पुस्तिका पाहावी. एका हाताने साखळी दाबावयाची आणि दुसऱ्याने पट्टी धरावयाची म्हटले, तर खूण करण्यास तिसरा हात लागतो. म्हणून शाळूचे एक सरळ धाट घेऊन नारळाच्या शेंडीच्या सुंभाने ते साखळीशेजारी उभे बांधले. साखळी खाली ओढून नखाने एक खूण केली, वर उचलून दुसरी. दोहोंतील अंतर मोजण्यास खिशातील दहा रुपयांचे नाणे कामास आले. त्याचा व्यास सत्तावीस मिलिमीटर असतो. अंतर दोन नाणी भरले. म्हणजे साखळी हवी त्याच्या दुपटीने सैल होती.

नटाची कॉटर पिन काढली. मागच्या ब्रेकचा दांडा व त्याची आधारपट्टीही सैल केली. आता दुसऱ्या पान्याचा प्रश्न. उजव्या बाजूस जाऊन आसाच्या डोक्यास पाना लावला आणि सहज सोडून पाहिला. त्याचा दांडा चिमट्याच्या भुजेवर टेकला. डाव्या बाजूस येऊन नटावर जोर दिला. हा जोर गाडी घोडीवरून घसरणार नाही अशा बेताने खाली दाबून द्यावा लागतो. पलीकडचा पाना भुजेवर अडकून घट्ट बसला, आस फिरला नाही, आणि नट कुरकुरत सुटला. कोणी धरण्याची आवश्यकताच नव्हती.

आनंद झाला खरा. पण तो फार वेळ टिकला नाही. पाना काढावयास उजव्या बाजूस गेलो, तो जेथे पान्याचा दांडा टेकला होता, नेमक्या तेथेच भुजेवरील काळा रंग उडून पोलाद उघडे पडलेले दिसले. हा डाग आमच्या ओळखीचा होता. वीस वर्षे दुसरा पाना धरून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर तोच तर असावयाचा. कधी दगड लागला असेल असे समजून आम्ही त्याचा विचारच केला नव्हता. आता बोट लावून पाहिले. तो दगडाचा टवका नव्हता. एकाच जागी पुनःपुन्हा पाना टेकून, घासून गुळगुळीत झालेली ती जागा होती.

काम पुढे चालविणे भाग होते. ताणाचे स्क्रू दोन्ही बाजूंस पाव पाव फेरा, एकदा डावा, एकदा उजवा, असे फिरविले. एक बाजू अधिक ओढली गेली तर चाक तिरपे बसते आणि साखळी व दाते दोन्ही झिजतात. भुजांवर खुणांच्या रेघा असतात. त्या जुळविल्या, आणि मागे जमिनीवर बसून साखळी एका डोळ्याने पाहिली. सुताराने फळी पाहावी तशी ती पाहावी लागते. धाटावरील खुणांत आता एकच नाणे बसू लागले.

नट आवळताना आस पुढे सरकू नये, म्हणून तो ताणून धरावा लागतो. हेही काम आमचेच असे. आम्ही चाकास पाय लावून बसत असू. पिशवीत हात घातला, तेव्हा तळाशी घडी केलेली एक जाड फडक्याची पट्टी मिळाली. तिला तेलाचा वास होता व आरपार दात्यांचे ठसे होते, एकापुढे एक, ओळीने. ती कशासाठी हे कोणी सांगावयास नको होते. पट्टी वरच्या अंगास साखळी व मागचे दातेरी चक्र ह्यांच्या मध्ये ठेवून, बोटे दूर घेऊन, चाक किंचित उलटे फिरविले. पट्टी आत ओढली गेली, साखळी ताठ झाली आणि आस स्क्रूवर पक्का येऊन बसला. नट आवळावयास घेतला. पलीकडचा पाना ह्या वेळी भुजेच्या दुसऱ्या अंगास जाऊन टेकला. आम्ही उठून पाहिले. तेथेही तसाच डाग होता.

एक डाग सोडताना पडलेला, दुसरा आवळताना. अण्णा हे काम एकटेच करीत होते. कधीपासून, कोण जाणे. बहुधा आम्ही पाना धरू लागण्यापूर्वीपासून. त्यांस आमच्या हाताची गरज पडत नव्हती. तरीही रविवारी सकाळी ते हाक मारीत, आम्ही कुरकुरत जात असू, आणि अर्धा तास दोघे भाऊ एका चाकाच्या दोन बाजूंस बसून घरातल्या गोष्टी बोलत असू. बाबांच्या आजारपणात पैशांची व्यवस्था काय करावी, मुलास परदेशी पाठवावे की नाही, वाटणीचा विषय काढणाऱ्या आप्तांस काय उत्तर द्यावे, हे सारे त्या चाकापाशी ठरले. माजघरात जे बोलता येत नसे, ते दोन पान्यांमध्ये बोलता येई. आणि आम्ही इतकी वर्षे अशा समजुतीत होतो की, आमच्यावाचून अण्णांचे अडते!

कडुनिंबाखाली आम्ही थोडा वेळ तसेच बसून राहिलो. मग पट्टी काढली, पिशवीतील डबीत ठेवलेली नवी कॉटर पिन बसविली, ब्रेक जुळविला, चाक फिरवून पाहिले. एक परीक्षा अद्याप उरली होती. गाडी घोडीवर असता चिमटा खाली लोंबतो. स्वार बसला की तो वर येतो व साखळी आणखी ताणली जाते. म्हणून वजनाखालीही थोडी ढील शिल्लक आहे ना, हे पाहावेच लागते. पूर्वी अण्णा खाली वाकत व आम्ही बैठकीवर बसत असू. आता गाडी बाजूच्या टेकणीवर उभी केली, छातीचा सारा भार बैठकीवर टाकून पालथे पडलो आणि डावा हात खाली सोडून साखळी चाचपली. थोडी हलली. तितके हलणे राहिलेच पाहिजे. ढील मुळीच न ठेवता ताणलेली साखळी पहिल्याच खड्ड्यात स्वतः तरी तुटते, नाही तर ज्यांना ती जोडते त्यांचे बेअरिंग तोडते.

आम्ही अशा साष्टांग अवस्थेत असतानाच मागून आवाज आला, "काय झालं, दादा?"

डोक्यास मुंडासे, हातात विळा, असे एक वृद्ध शेतकरी उभे होते. आम्ही उठून कपडे झटकले व हकीकत सांगितली. त्यांनी साखळीकडे पाहिले, आमच्या काळ्या हातांकडे पाहिले आणि म्हणाले, "मग आवाज द्यायचा न्हाई का? गाव काय लई लांब हाये? एकट्यानं कशापायी करायचं?"

ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. एकट्याने करता येते, हे आम्ही नुकतेच सिद्ध केले होते. परंतु कशापायी, हा प्रश्न निराळा होता, आणि त्या गृहस्थांनी तो नेमका विचारला होता. त्यांनी विहिरीवर नेऊन आमच्या हातांवर पाणी घातले, हातास लावावयास चुलीतील राख दिली. भाकरी पुढे केली. चतुर्थी असल्याचे सांगताच ती मागे घेऊन चहा ठेवविला. त्यांच्या सूनबाई कपाशीतून आल्या. निघतेवेळी त्यांनी हुरड्याची दहा-बारा कणसे फडक्यात बांधून दिली आणि म्हणाल्या, "उपास सुटल्यावर खावा समद्यांनी." समद्यांनी! घरी किती माणसे आहेत हे त्यांनी विचारले नाही. घर म्हटले की समदे असावयाचेच, असे त्या धरून चालल्या होत्या.

राजूरास पोहोचल्यावर आम्ही प्रथम एका कारागिराकडून नट तपासून घेतला. नट किती आवळला गेला हे मापाच्या पान्याखेरीज निश्चित सांगता येत नाही, आणि चाकाच्या बाबतीत अंदाजावर विसंबणे हा स्वावलंबनाचा नव्हे, अविचाराचा प्रकार होय. त्याने दुजोरा दिल्यावर टेकडी चढून दर्शन घेतले. अंगारकीस येथे जालन्याकडून व संभाजीनगराकडून पायी येणाऱ्यांची रीघ लागते. त्या दिवशी साधी संकष्टी असल्याने तितकी दाटी नव्हती. दूर्वा वाहिल्या, नारळ फोडला. पायऱ्यांवर बसून खिचडी खाल्ली. डब्यात चमचे दोन होते. वहिनींनी सवयीने ठेवले, की जाणूनबुजून, हे आम्ही त्यांस विचारले नाही.

परतीच्या वाटेवर हसनाबाद पुन्हा लागले. चुली पेटल्या होत्या, गुरे घराकडे वळली होती. त्या ओसरीवरून कोणीतरी हात हालविला. साखळी मुकी होती.

चंद्रोदयास आम्ही घरी होतो. पंगतीत हुरडा वाढला गेला, आणि चौघांच्या मानाने तो पुष्कळ झाला. दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही फटफटी पडवीत काढली. नवी ताणलेली साखळी आठवड्याने पुन्हा पाहावी असा नियमच आहे. पिशवी उघडली, उजव्या बाजूस आसाच्या डोक्यावर पाना लावला आणि भुजेवरील त्या चकचकीत जागी तो नीट टेकू दिला. सारे जागच्या जागी होते. मग पाना काढून हातात घेतला आणि आत हाक दिली.

अण्णांचा नातू कानांतील यंत्र काढीत, थोडा कुरकुरतच बाहेर आला.

"इकडे ये रे," आम्ही म्हणालो. "धर. घट्ट धर."